आवाज कुठं अडला?

कुणी चुलीपाशी असाल, कुणी कांदा निवडत असाल, कुणी शिलाई मशीनवर बसला असाल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढे इकडे असू द्या.

दर वेळी आम्ही इथं येतो ते बचतीचं, कर्जाचं, बँकेच्या कागदपत्रांचं बोलायला. आज जरा वेगळा विषय आणलाय. आज आम्ही सांगणार आहोत गिटारच्या पेडलची गोष्ट. हसलात ना? आमच्या घरचे पण हसले होते. "बचत गटाच्या बाया आता गिटार दुरुस्त करायला लागल्या का?" असं एकीच्या सासूबाईंनी विचारलंच. पण गोष्ट ऐका, मग ठरवा.

आमचा गट राहुरी तालुक्यातला, मुळा धरणाच्या कालव्याखालच्या गावातला. आम्ही बारा जणी. त्यात शेतमजुरी करणाऱ्या आहेत, दोघी शिवणकाम करतात, एकीची पिठाची गिरणी आहे. आमच्यात जास्त शिकलेली म्हणजे बी. ए. झालेली, तीही इतिहास घेऊन, आणि गटाचं कामकाज बघणारी म्हणून आज माईकसमोर तीच बसलीय. विजेच्या कामातलं आम्हाला कुणालाच काही कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

तर झालं असं. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घेतलं ते आपल्या नगरमध्ये, मिस फरार यांच्याकडे. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण बोलताना तोंडात नगरच येतं. त्या नात्यानं आम्ही दरवर्षी जयंतीला छोटा कार्यक्रम करतो. या वेळी ठरलं की गटातल्या आजींनी जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या आणि एका ताईच्या मुलीनं गिटारवर साथ करायची.

आजींची ऐंशी कधीच उलटलीय. आवाज बारीक झालाय, पण ओवी सुरू झाली की पुढची आपोआप येते, त्यांना आठवावी लागत नाही. पोरगी बारावीला आहे. दर रविवारी चर्चमध्ये उपासनेला गिटार वाजवते. आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट नवी नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक नगरला होते आणि त्यांनी अभंगाच्या, ओवीच्या वळणाची ख्रिस्ती भजनं लिहिली. त्यामुळं पेटी, टाळ, ढोलकी आणि गिटार एका सतरंजीवर बसलेली आमच्या गावानं पुष्कळदा पाहिलीत.

पहिल्या तालमीला अडचण कळली. गिटार इलेक्ट्रिक, तिच्या मामानं जुनी घेऊन दिलेली, सोबत छोटा अँप्लिफायर. पोरीनं तार छेडली की आजींची ओवी बुडून जायची. आवाज अगदी कमी करून ठेवला, तर दोन ओव्यांच्या मधे जो तुकडा वाजवायचा तो ऐकू येईना. गिटारवर आवाजाचं बटण असतं, पण वाजवताना दोन्ही हात गुंतलेले. मग ती म्हणाली, "यासाठी पायानं दाबायचं पेडल मिळतं. पाय खाली दाबला की आवाज मोठा, टाच टेकवली की बारीक." किंमत विचारली, तर काही हजार रुपये. ती गप्प झाली आणि आम्हीही.

तेव्हा आमच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "अगं, पायानं काम करायचं आपल्याला काय नवं? जन्म गेला पायमशीनवर." खरंच आहे की. पूर्वी संगीत नाटकांत ऑर्गन वाजवणारे पायानंच भाता हलवायचे. पोरीनं सांगितलं की आतमध्ये फार काही नसतं. रेडिओत आवाज कमी-जास्त करायचं जे बटण असतं तसंच एक, आणि वायर घालायची दोन भोकं. यात स्वतःची बॅटरी नाही, घरातली वीजही नाही. ते ऐकून धीर आला. बैठकीत विषय घेतला आणि गटातून ७०० रुपये मंजूर केले. काही जणींनी नाकं मुरडली, तीही इतिवृत्तात लिहिली.

आता पेडल कसं केलं ते सांगतो, म्हणजे पुढं दोष कुठं निघाले ते कळेल. दोन फळ्या घेतल्या आणि एका टोकाला बिजागरी लावून जोडल्या. खालची फळी जमिनीवर, वरची पायाखाली. खालच्या फळीवर ते बटण बसवलं. त्याला दुकानदार व्हॉल्यूम कंट्रोल म्हणतात, नाहीतर पॉट. त्याचा दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ३०० अंश फिरतो, म्हणजे पूर्ण वेढ्याला थोडा कमी. आणि पायाखालची फळी हलते जेमतेम २० अंश. एवढ्याशा हालचालीत दांडा एवढा फिरवायचा कसा?

इथं शिलाईचं रीळ कामाला आलं. दांड्यावर १२ मिलिमीटर जाडीचं रिकामं रीळ घट्ट बसवलं, त्यावर नायलॉनची दोरी गुंडाळली. दोरीचं एक टोक वरच्या फळीला आणि दुसरं टोक स्प्रिंगला. फळी दाबली की दोरी सरकते आणि रीळ फिरतं. जुन्या रेडिओचा स्टेशनचा काटा असाच दोरीवर चालायचा. रीळ ३०० अंश फिरायला दोरी तीन सेंटिमीटरच्या जरा वर सरकावी लागते. म्हणून दोरी फळीला बिजागरीपासून नऊ सेंटिमीटरवर बांधली, कारण तिथं फळी तेवढीच वरखाली होते. त्यापेक्षा लांब बांधली तर दोरी जास्त ओढली जाते, जवळ बांधली तर दांडा शेवटापर्यंत पोचत नाही आणि टाच टेकली तरी आवाज पूर्ण बंद होत नाही. कुणी असं पेडल करून बसली असेल आणि तिचा आवाज शेवटी थोडा उरत असेल, तर आधी दोरीची जागा बघा आणि दोरी रिळावरून घसरते का ते बघा.

वायरी घालायच्या दोन सॉकेटना दुकानात पी-३८ म्हणतात. ती आम्ही स्टीलच्या एका जुन्या डब्याला भोकं पाडून बसवली. एकात गिटारची वायर येणार, दुसऱ्यातून अँप्लिफायरला जाणार. सोल्डरिंग गिरणीवाल्या काकूंच्या मुलाकडून शिकून घेतलं.

संध्याकाळी सगळ्या जमलो. पोरीनं वायरी घातल्या, तार छेडली. काहीच नाही. पाय दाबला, सोडला, तरी काही नाही.

आणि मग आम्ही काय केलं असेल? एकजण म्हणाली, "हिनंच चुकीचं सांगितलं." दुसरी म्हणाली, "पोरीचं वय काय, तिच्या नादी लागलो." तिसरीनं ७०० रुपयांचा हिशोब काढला. पोरीच्या आईचा चेहरा उतरला. पोरीनं गिटार पिशवीत घातली आणि म्हणाली, "राहू द्या काकू, मी नाही वाजवत." उठून गेलीसुद्धा.

मैत्रिणींनो, त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. कारण असंच एकदा आधी झालं होतं. ते आज पहिल्यांदा असं उघडपणे सांगतोय.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटाच्या हिशोबात ९० रुपये कमी भरले. वहीत जास्त, पेटीत कमी. पेटी ज्यांच्याकडे होती त्या ताईंकडे आम्ही सगळ्यांनी बघितलं. स्पष्ट कुणी बोललं नाही, पण बघणंच पुरे असतं. त्यांनी पदरचे ९० रुपये भरले आणि पुढच्या महिन्यात गट सोडला. नंतर लेखापरीक्षणाला वही दिली तेव्हा चूक निघाली. एका बाईंचा हप्ता ४५० रुपये आला होता, वहीत लिहिताना ५४० लिहिला गेला होता. चार आणि पाचची अदलाबदल, बाकी काही नाही. आणि लिहिणाऱ्या त्या ताई नव्हत्याच.

हिशोब तपासणाऱ्यानं तेव्हा एक गोष्ट शिकवली, ती तुम्हीही लिहून ठेवा. फरकाच्या रकमेला ९ नं पूर्ण भाग जात असेल, तर शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झालीय का ते आधी बघायचं. आणि दुसरं म्हणजे, हिशोब जुळत नसेल तर सुरुवातीच्या शिलकेपासून एकेक नोंद टिपत पुढं जायचं. जिथपर्यंत जुळतंय तिथं खूण करायची. चूक त्या खुणेच्या पुढंच असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोरीच्या घरी गेलो आणि म्हणालो, "बाई, आमचं चुकलं. चल, आपण वही तपासतो तसं हे तपासू." आणि एक नियम केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय केलं, काय झालं ते वहीत लिहायचं.

सुरुवातीची शिल्लक म्हणजे गिटार. पेडल पूर्ण बाजूला ठेवलं. गिटार सरळ अँप्लिफायरला जोडली, एका वायरनं. आवाज आला. म्हणजे गिटार चांगली, अँप्लिफायर चांगला, ही वायरही चांगली. मग तीच जोडणी दुसऱ्या वायरनं केली. आवाज गेला! पिनेपाशी वायर आतून तुटली होती. आदल्या दिवशी पेडलला लागल्या दोन वायरी, त्यातली एक आधीपासूनच मेलेली. आम्ही पेडलला आणि पोरीला बोल लावले, आणि दोष निघाला तिसरीकडंच.

वायर नीट करून पेडल जोडलं. तरी आवाज नाही. पण आता दोष पेडलमध्येच आहे हे नक्की झालं होतं. गटानं २५० रुपयांचा मल्टिमीटर घेतला होता. त्यात शिट्टी वाजणारी खूण असते. दोन टोकं एकमेकांना जोडलेली असली की ती वाजते. सगळ्या वायरी काढून गिटारच्या बाजूच्या सॉकेटवर तपासलं. आतल्या टोकाची पट्टी आणि बाहेरचा धातू, या दोघांत शिट्टी वाजायला नको. डब्याचं झाकण उघडं असताना वाजली नाही. झाकण लावलं की वाजली. सॉकेटची पट्टी झाकणाला टेकत होती! पट्टी जरा वाकवली, झाकणाला आतून टेप लावली. गिटार जोडली आणि आवाज आला. बायांनी टाळ्या वाजवल्या.

पण आवाज उलटा. पाय दाबला की बारीक, सोडला की मोठा. हे समजायला त्या पॉटचं काम समजून घ्यावं लागलं, आणि ते आम्हाला कालव्यानं समजावलं.

पॉटला तीन पाय असतात. एका कडेच्या पायाला चारीचं पाणी येतं असं समजा, म्हणजे गिटारचा आवाज. दुसऱ्या कडेचा पाय ओढ्याला जोडलेला, म्हणजे डब्याच्या धातूला, ज्याला ग्राउंड म्हणतात. आणि मधला पाय म्हणजे आपल्या वावराची पाळी, म्हणजे अँप्लिफायर. दांडा फिरवला की मधला पाय चारीकडे सरकतो नाहीतर ओढ्याकडे. चारीजवळ गेला की वावराला भरपूर पाणी, ओढ्याजवळ गेला की वावर कोरडं. आता ओढ्याची वायर जोडायची राहिली किंवा तुटली, तर आवाज थोडा कमी होईल, पण बंद कधीच होणार नाही. हाही दोष नवशिक्यांच्या हातून पुष्कळदा होतो.

आमच्याकडे चारी आणि ओढा यांची अदलाबदल झाली होती. कडेच्या दोन वायरी एकमेकींच्या जागी लावल्या, झालं सरळ. म्हणजे तेव्हा तरी तसं वाटलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं ती परत येणार आहे.

आता आवाज सरळ झाला, पण पडलेला. पूर्ण दाबलं तरी गिटार लांबून, कांबळ्याखालून वाजल्यासारखी. सगळे जोड तपासले, पुन्हा सोल्डर केले. दोन दिवस गेले. वहीत सगळीकडे बरोबरची खूण, आणि तरी हिशोब जुळेना. मग पोरीनं विचारलं, "काकू, पॉट मागताना दुकानात काय सांगितलं होतं?" आम्ही सांगितलं होतं, "आवाजाचं बटण द्या." त्यानं दिलं. त्याची काहीच चूक नाही. पॉटच्या पाठीवर बारीक अक्षरात होतं: बी १०के.

आकडा हा त्या वाटेतल्या अडथळ्याचा असतो. गिटारच्या तारांखाली जे असतं त्यातून निघणारी वीज म्हणजे बारीक झरा. १०के म्हणजे चारीतून ओढ्याकडे जाणारी मोठी मोरी. झऱ्याचं पाणी तिथंच वाहून जातं, चारीची पातळीच खाली येते, मग वावराचं दार पूर्ण उघडलं तरी पाणी येणार कुठून? आवाजातला टोकदारपणा तर आधी जातो. अशा गिटारला २५०के किंवा ५००के लागतं, म्हणजे ओढ्याची वाट अगदी अरुंद. ज्या गिटारच्या आत बॅटरी असते, तिचा झरा जोरकस असतो, तिला २५के चालतं. आमच्या जोडणीत काहीच चूक नव्हती, वस्तूच दुसऱ्या कामाची होती.

आणि आकड्याआधीचं ते अक्षर? साधारणपणे बी म्हणजे अडथळा सारखा वाढत जाणारा, ए म्हणजे आधी हळू आणि मग भरभर वाढणारा. आपला कान असा आहे की सारखा वाढणारा पॉट लावला, तर सगळा फरक सुरुवातीच्याच टप्प्यात झाल्यासारखा वाटतो. म्हणून आवाजासाठी ए घ्यायचा. या वेळी आम्ही चिठ्ठीवर लिहून नेलं: ए ५००के. घरी येऊन मल्टिमीटर २०००केवर ठेवून कडेच्या दोन पायांत मोजलं. ५००च्या आसपास आकडा आला, शंभर इकडे-तिकडे चालतो.

नवा पॉट बसवला. आवाज मोकळा झाला. पण सोबत नवीनच घुंई घुंई सुरू. माश्या घोंगावतात तशी.

इथं मैत्रिणींनो, नीट ऐका. घुंई ऐकून शेजारच्या एका भाऊंनी सल्ला दिला, "अँप्लिफायरच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाका. आम्ही मंडपात असंच करतो, आवाज साफ होतो." त्यांचा हेतू चांगला होता. पण ती जाड पिन म्हणजे अर्थिंग. यंत्रात काही बिघडून वीज बाहेरच्या धातूवर आली, तर ती जमिनीत जायची वाट म्हणजे ती पिन. ती काढली तर वाट उरते ती वाजवणाऱ्याच्या शरीरातून. हात गिटारच्या तारांवर, ओठ माईकपाशी. लेस हार्वे नावाचे स्कॉटलंडचे एक नावाजलेले गिटारवादक होते. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी शहरात, भर कार्यक्रमात, अर्थिंग नीट नसलेल्या माईकला हात लागला आणि ते गेले. मोठ्या शहरातलं मोठं सभागृह होतं ते. आपल्याकडे ओल्या अंगणात, तात्पुरत्या वायरीवर कार्यक्रम होतात.

म्हणून आम्ही वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं की पिनेला हात लावायचा नाही आणि अँप्लिफायर उघडायचा नाही. पेडल उघडायचं तेही वायरी काढून. आणि कार्यक्रमाच्या जागी अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून बघून घ्यायचं. तारांना किंवा माईकला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं, तर लगेच बंद करायचं.

मग घुंई कशाची? पॉटच्या धातूच्या अंगाला बोट लावलं की ती बदलायची. तिथंच धागा सापडला. सॉकेट डब्यात होती, पण पॉट बाहेर फळीवर, आणि मधली वायर साधी. भिंतीतल्या विजेची गुणगुण ती वायर आपसूक पकडत होती. जुन्या १०के पॉटनं तीही ओढ्यात वाहून नेली होती, नव्यानं ती राहू दिली. उपाय सोपा निघाला. साध्या वायरीऐवजी जाळीची शिल्ड वायर घातली, तिची जाळी ग्राउंडला जोडली आणि पॉटच्या अंगापासून एक वायर ग्राउंडला दिली. घुंई गेली, प्लगला हात न लावता.

आता शेवटचा दोष. पोरगी पाय दाबायला लागली की थोडं दाबताच सगळा आवाज एकदम यायचा, पुढं दाबलं तरी फरक नाही. ए पॉट लावला तो हळूहळू वाढावा म्हणून, आणि झालं उलटंच. इथं वहीनं वाचवलं. मागची पानं चाळली तर सापडलं: "कडेच्या दोन वायरी अदलाबदल केल्या." बी पॉट दोन्हीकडून सारखाच, त्याला अदलाबदलीनं फरक पडला नाही. ए पॉट एका बाजूनं हळू आणि दुसऱ्या बाजूनं एकदम. आमचा दांडा मुळातच उलट्या दिशेनं फिरत होता, आणि आम्ही वायरी बदलून ते झाकलं होतं. मूळ दोष दोरीत होता. वायरी परत पहिल्या जागी आणल्या, दोरी रिळावर दुसऱ्या बाजूनं गुंडाळली. आवाज पहाटेच्या उजेडासारखा हळूहळू वर आला.

हा दोष आम्हाला सगळ्यात जास्त शिकवून गेला. तो आमच्याच दुरुस्तीतून आला होता. लिहून ठेवलं नसतं तर आम्ही पॉटला, दुकानदाराला, नाहीतर पुन्हा पोरीलाच दोष देत बसलो असतो.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आवाजच नसेल, तर आधी पेडल बाजूला ठेवून दोन्ही वायरी तपासा, मग सॉकेटची पट्टी कशाला टेकते का ते बघा. आवाज बंद होत नसेल, तर ग्राउंडची वायर आणि दोरी बघा. आवाज पडलेला असेल, तर पॉटवरचा आकडा वाचा. घुंई असेल, तर शिल्ड वायर आणि पॉटचं ग्राउंड बघा. पाय हलवताना खरखर येत असेल, तर पॉटमध्ये धूळ आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आत मारा आणि दांडा वीस-तीस वेळा फिरवा. आणि चालतं पेडल मधेच खरखरायला लागलं, तर दोरीजवळच्या वायरी बघा, सतत हलून त्या तुटतात. दोरीही कधीतरी झिजणारच. कारखान्यातल्या महागड्या पेडलमध्येही दोरी तुटते आणि नवी घालावी लागते, तेव्हा मन लहान करू नका.

सगळा खर्च ६४० रुपये झाला, मल्टिमीटर धरून. उरलेले ६० रुपये पेटीत परत भरले.

३ जानेवारीला शाळेच्या ओट्यावर कार्यक्रम झाला. आजींनी ओवी धरली, पोरीनं टाच टेकवली आणि गिटार वाऱ्यासारखी मागं राहिली. ओवी संपली, पाऊल दाबलं, गिटार पुढं आली आणि पुढची ओवी येईपर्यंत वाट बघून परत मागं गेली. शेवटच्या रांगेत बसलेल्यांनी सांगितलं, आजींचा शब्द न् शब्द ऐकू आला. आजी घरी जाताना पोरीला म्हणाल्या, "तुझा पाय लई शहाणा हाय गं."

आता तुम्ही विचाराल, आणि त्या ९० रुपयांच्या ताईंचं काय? कार्यक्रम झाल्यावर आम्ही अकरा जणी त्यांच्या घरी गेलो. बाराव्या आजी, त्या दाराशी खाटेवर बसल्या. ९० रुपये परत दिले, वहीतलं ते पान दाखवलं आणि माफी मागितली. चूक सापडली तेव्हाच जायला हवं होतं, आम्ही लाजेनं गेलो नाही. त्यांनी पान वाचलं. चहा केला. पैसे घेतले. गटात परत या म्हणालो, तर म्हणाल्या, "बघू." अजून आलेल्या नाहीत. त्यांचं बरोबर आहे. वायर पुन्हा सोल्डर करता येते, माणसाचं तसं नसतं.

तो मल्टिमीटर आता गटाच्या पेटीत, हिशोबाच्या वहीशेजारी असतो. गावात कुणाची इस्त्री, कुणाचा पंखा अडला की त्याच्या वायरी, प्लग बोर्डातून काढून, आम्ही तपासून देतो. आतलं काम असेल तर मेकॅनिककडे पाठवतो. पोरगी पुढं आयटीआयला जायचं म्हणतेय. आणि बैठकीत काही जुळलं नाही, काही बिघडलं, की कुणीतरी पहिल्यांदा विचारते, "आवाज कुठपर्यंत येतोय? तिथं खूण करा." मग आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे न बघता वहीकडे बघतो.

तुमच्याही गटात, घरात असं काही अडलं असेल, तर एकदा असं करून बघा. येतो आम्ही. नमस्कार.